एर्विनचं राहिलेलं मागणं

शेवटच्या दिवशी सकाळी शुक्रीनं सूप बाजूला सारलं आणि तळलेला मासा मागितला. डॉक्टरनं तेल-मीठ बंद केलं होतं खरं, पण इस्पितळातून घरी पाठवताना त्याच डॉक्टरनं नझीराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, आता मागेल ते द्या. नझीरा शुक्रीची धाकटी बहीण. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती भावाच्याच घरी वरच्या खोलीत राहायची, आणि वहिनी गेल्यावर घर तिच्याच हातात आलं. तिनं मासा तळला. शुक्रीनं दोन घास खाल्ले, बोटं पुसली आणि म्हणाला, एर्विनला फोन लाव. म्हणावं आज ये आणि आज मागून टाक.

नझीराला पुढचं काही विचारावं लागलं नाही. अक्का गावच्या बंदरावरच्या आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला सुद्धा विचारावं लागलं नसतं. एर्विनचं मागणं राहिलंय हे सगळ्यांना माहीत होतं.

तरी ती म्हणाली, भाऊ, आता कशाला ते, पडून राहा.

"मला बापाला तोंड दाखवायचंय," शुक्री म्हणाला. "भेटल्या भेटल्या विचारेल, काय मागितलं रे त्यानं? मी काय सांगू? चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून विचार करतोय म्हणून?"

मग ती फोनापाशी गेली.

तर हे सगळं पलटणीपासून सुरू झालं. मोठं युद्ध चाललं होतं तेव्हाची गोष्ट. शुक्री पलटणीत गेला तो बापाशी भांडून. बाप, हाजी दीब, बंदरावर जाळी विणायचा, आणि त्याचं म्हणणं की थोरल्यानं जाळ्याला हात लावावा. शुक्रीला मोटार चालवायची होती. इंग्रजांनी पॅलेस्टाईनच्या पोरांची पलटण काढली, त्यात शुक्रीनं नाव दिलं, मोटार मिळेल म्हणून. मोटार कुठली, बंदूक मिळाली आणि किनाऱ्यावरचं एक दारूगोळ्याचं कोठार राखायला मिळालं. पलटणीत अरबांच्या कंपन्या वेगळ्या, यहुद्यांच्या वेगळ्या, तंबू वेगळे, पण टोपीवरचा बिल्ला एकच, आणि शिक्षा भोगायची जागाही एकच.

एर्विन जर्मनीतून एकटाच निसटून आलेला. आईबाप मागे राहिलेले. हिटलरशी चार हात करायचे म्हणून भरती झाला आणि त्याला उभं केलं इटालियन कैद्यांच्या पहाऱ्यावर. ते कैदी दिवसभर गाणी म्हणायचे, कपडे वाळत घालायचे, आणि हा बंदूक धरून दातओठ खायचा. मग त्याला कोठारावर आणलं. एका फाटकावर रात्री यहुदी शिपाई, त्याच्या जागी पहाटे अरब शिपाई, असा पहारा बदलायचा. शुक्री नेहमी जरा उशिरा पोचायचा. जरा म्हणजे आपल्या हिशेबानं जरा. एर्विननं सार्जंटकडे तक्रार केली. पुन्हा उशीर, पुन्हा तक्रार. शेवटी सार्जंट वैतागला. त्यानं दोघांनाही धरलं, एकाला उशिरासाठी आणि एकाला तक्रारीसाठी, आणि स्वयंपाकाच्या तंबूत कांदे सोलायला बसवलं.

तिथं मैत्री झाली. एर्विन कांदा असा सोलायचा की साल कागदासारखी निघावी, आणि शुक्री अर्धा कांदा सालीबरोबर टाकायचा. शुक्री म्हणायचा, तू कांदा सोलतोयस की त्याचं ऑपरेशन करतोयस? पलटणीतल्या अरब पोरांनी एर्विनला नाव ठेवलं अबू साआ, म्हणजे घड्याळाचा बाप. त्यानं ते मनावर घेतलं नाही. उलट शुक्रीकडून अरबी शिकायला लागला. आता शुक्रीची अरबी म्हणजे बंदरावरची, माशांच्या लिलावातली. त्यामुळे हा गोरापान, चष्मा लावलेला माणूस जन्मभर अशी अरबी बोलला की शाळामास्तरांनी कान झाकावेत. त्याला वाटायचं आपण फार सभ्य बोलतो.

ईदेला दोघांना एकदमच सुट्टी मिळाली तेव्हा शुक्री त्याला घरी घेऊन आला. बापाशी भांडून गेलेला मुलगा, वर्ष उलटून गेल्यावर उंबऱ्यात उभा, सोबत परका पाहुणा. हाजी दीबनं भांडणाचा शब्द काढला नाही. पाहुणा आला की भांडण आपोआप मागं पडतं, म्हणूनच शुक्रीनं त्याला आणलं होतं असं नझीराला नंतर कळलं. ती तेव्हा पंधराची. कॉफी तिनंच केली आणि पडद्याआडून बघत राहिली.

एर्विननं पेला घेतला, मान लववली आणि तसाच भरलेला चटईवर ठेवून दिला.

बैठकीत चुलते होते, शेजारी होते. सगळे गप्प झाले. आमच्यात पाहुणा कॉफी न पिता खाली ठेवतो तेव्हा तो काहीतरी मोठं मागायला आलेला असतो. मुलीचा हात मागायचा असतो, नाहीतर खुनाची माफी. मागणं मान्य होईपर्यंत तो पेल्याला तोंड लावत नाही, आणि यजमानानं एकदा पी म्हटलं की शब्द गेला, मग घर विकलं तरी तो शब्द फिरत नाही. बिचाऱ्या एर्विनला यातलं काडीचं माहीत नव्हतं. युद्धामुळे कॉफी मिळत नाही, या गरिबाघरचे शेवटचे दाणे आपल्यासाठी कशाला, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

हाजी दीबनं विचारलं, काय हवं पोरा? एर्विननं छातीवर हात ठेवला, म्हणाला काही नको, काही नको. हाजीला वाटलं, लाजतोय. पुन्हा विचारलं. पुन्हा छातीवर हात. त्या दिवशी म्हाताऱ्याचं मन भरलेलं होतं, मुलगा घरी आला होता, सण होता.

"पी," तो म्हणाला. "जे मागायला आलायस ते झालं म्हणून समज."

एर्विननं बघितलं, यजमान फारच आग्रह करतोय. त्यानं पेला उचलला आणि एका घोटात संपवला.

पडद्याआड आईनं नझीराचा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. तिची खात्री पटली, यानं माझी पोर बघितली. दोघं परत गेल्यावर गल्लीभर तेच. यहुद्यानं काय मागितलं? हाजी म्हणायचा, मला नाही माहीत, मागेल तेव्हा मागेल. महिनाभर नझीराच्या घशाखाली नीट घास गेला नाही. भीती होतीच. पण अगदीच नुसती भीती होती असंही नाही. चष्मेवाला दिसायला बरा होता. हे तिनं पुढं म्हातारपणी सांगितलं, तेही हसत.

तिकडे तंबूत शुक्रीनं एर्विनला झाला प्रकार समजावला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या सुट्टीत तो एकटाच आला, टोपी हातात धरून, आणि हाजीला म्हणाला, माझी चूक झाली, तुमचा शब्द तुम्हाला परत.

हाजी म्हणाला, "शब्द म्हणजे शेजारणीकडून आणलेलं पीठ नाही, वाटी परत करायला. दिला तो दिला. घाई नाही."

असं ते राहिलं. युद्ध संपलं, पलटण मोडली, बिल्ले खिशात गेले. हाजी दीब आजारी पडला तेव्हा शुक्रीला जवळ बोलावून एवढंच म्हणाला, त्याला मागायला लाव, माझ्या नावावर ठेवू नकोस.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्याबद्दल या घरात कोणी फार बोलत नाही. निम्मं बंदर होड्यांत बसून लेबनॉनला गेलं, दोन चुलते गेले, आई त्यांच्याबरोबर गेली ती तिकडेच वारली. शुक्रीची होडी फुटकी होती म्हणून शुक्री राहिला आणि त्याच्यामुळे नझीरा राहिली. एर्विन दुसऱ्या बाजूच्या, यहुद्यांच्या फौजेत होता. गावाला कुलूप लागल्यासारखं झालं होतं, बाहेर पडायला परवाना, समुद्रात जायला परवाना. बऱ्याच काळानं एक दिवस एर्विन सायकलवरून आला. तो जवळच नहारियाला, जर्मनीहून आलेल्या यहुद्यांच्या गावात, राहायला लागला होता आणि कोंबड्या पाळत होता, म्हणून अंडी घेऊन आला. शुक्रीनं त्याला दारातच विचारलं, मे महिन्यात आपलं गाव पडलं तेव्हा तू कुठं होतास? एर्विन म्हणाला, दक्षिणेला, वाळवंटात. शुक्रीनं त्याच्या हातातली अंडी घेतली आणि त्याला आत घेतलं. बस, तेवढंच बोलणं झालं त्यावर. पण नंतर मासेमारीचा परवाना मिळेना तेव्हा कचेरीच्या रांगेत शुक्रीबरोबर एर्विन रोज उभा राहायचा. कारकून त्याला म्हणायचा, साहेब तुम्ही पुढं या, आणि हा म्हणायचा, माझा नंबर याच्या मागं आहे.

मग वर्षं गेली, बरी गेली म्हणायची. शुक्रीचं लग्न झालं, रामेझ झाला, होडी नवी आली. एर्विननं लग्न केलं नाही. दर शनिवारी अंड्यांचा पुठ्ठा घेऊन यायचा, मासे घेऊन जायचा, आणि दर वेळी शुक्री विचारायचा, काय मग, मागतोस का? एकदा एर्विन म्हणाला, तुझी शिडी दे आठ दिवस. शुक्रीनं शिडी दिली आणि म्हणाला, ही धरली जाणार नाही, माझा बाप शिडीसाठी शब्द टाकणारा माणूस नव्हता. एकदा म्हणाला, रामेझला जर्मन शिकवू दे. तेही धरलं नाही. रामेझनं सुटलो म्हटलं. गल्लीतली माणसं पैजा लावायची, हा शेवटी काय मागणार. होडी मागेल, कोणी म्हणे घराची गच्ची मागेल. नझीराची मैत्रीण तिला डिवचायची, अगं अजून वेळ गेलेली नाही, आवरून बस.

तर त्या शेवटच्या दिवशी एर्विन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात अंड्यांचा पुठ्ठा, शनिवार नव्हता तरी. रामेझ उशाशी बसला होता. शुक्रीचा श्वास वरवर चालला होता, पण डोळे साफ होते.

"बस आणि माग," शुक्री म्हणाला.

एर्विन म्हणाला, मला काही नको. शुक्री म्हणाला, हे मी जन्मभर ऐकतोय, माझा बाप तिकडे वाट बघतोय, माग. एर्विननं खोलीत इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, बरं, ती काठी दे. शुक्रीनं डोळे मिटले. काठी अशीच घेऊन जा, म्हणाला, ती शिडीच्या जातीची.

नझीरा दारात उभी होती. इतकी वर्षं ती हे पुरुषांचं बोलणं ऐकत आली होती, मध्ये कधी पडली नव्हती. त्या दिवशी भावाचे ओठ निळे पडलेले बघून तिला राहवलं नाही.

"एर्विन," ती म्हणाली, "तुम्हाला खरंच काही नकोय, की सांगता येत नाहीये?"

एर्विननं चष्मा काढला आणि पुसत बसला. नंतर हळूच म्हणाला, "सांगता येत नाही."

"का?"

"मी ते मागितलं तर हा मरावा असं म्हटल्यासारखं होतं."

शुक्रीनं डोळे उघडले. "मी मरतोच आहे. तुझ्यावर कोणी आळ घेणार नाही. बोल, गाढवा."

मग एर्विन बोलला. म्हणाला, तुझी माणसं दारात रांगेनं उभी राहतील. लोक येतील, एकेकाचा हात हातात घेतील, दोन शब्द बोलतील. त्या रांगेत मला जागा हवी. खुर्चीवर नको, पाहुण्यांत नको. रांगेत, रामेझच्या शेजारी.

मग त्यानं खाली बघत सांगितलं की त्याच्या आईबापांना आगगाडीत घालून नेलं हे त्याला युद्ध संपल्यावर कळलं. कोणत्या दिवशी, कुठं, काही नाही. तो दारात उभा राहायला तयार होता, पण येणार कोण? नहारियात तेव्हा प्रत्येकाच्याच घरात तेच होतं, कोणी कोणाकडे जायचं? त्याचा हात कोणी हातात घेतला नाही. इथं या गल्लीत हाजी गेला तेव्हा त्यानं ती रांग बघितली होती, पाहुण्यांच्या बाजूनं. तेव्हापासून मनात होतं. पण मागायचं कसं?

शुक्री हसायला लागला, हसता हसता खोकला आला, नझीरानं पाठ धरली.

"म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या मरणावर टपून बसलायस," तो म्हणाला. "आणि मी तुला मासे घालतोय."

एर्विन म्हणाला, टपून नव्हतो, मी आधी गेलो असतो तर प्रश्नच मिटला असता.

"दिलं," शुक्री म्हणाला. "रामेझ, ऐकलंस? नझीरा, तू साक्षीला. चुलतभाऊ निम्र आडवा येईल. त्याला सांग, हा माझा नाही, हाजी दीबचा शब्द आहे." मग एर्विनकडे वळून म्हणाला, "वेळेवर ये. नाहीतर तक्रार करीन."

नंतर तो फार बोलला नाही, पण चेहरा मोकळा दिसत होता, भरती लागल्यावर होडी वाळूतून सुटते तसा. नझीराला म्हणाला, मासा चांगला झाला होता, जरा मीठ कमी. थोडं पडतो म्हणाला. दुपारच्या बांगेच्या सुमाराला नझीरानं हात धरलेलाच होता, तेव्हा तो गेला. एर्विन पायाशी बसला होता. तोही रडला नाही, तीही नाही. ते मग रात्री झालं, ज्याचं त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीत ठेवला आणि अंगणात खुर्च्या मांडल्या. चुलतभाऊ निम्र अशा वेळी सगळं हातात घेणारा माणूस, आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय कोणाचंच पान हलत नाही. त्यानं रांग लावली. आधी रामेझ, मग तो स्वतः, मग त्याची मुलं, रक्ताच्या क्रमानं. एर्विन सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता, काळा कोट घालून, भर उन्हात. निम्रनं त्याला प्रेमानं धरून पुढच्या खुर्चीत बसवलं, शेखांच्या आणि मोठ्या पाहुण्यांच्या ओळीत. रामेझ पुटपुटला, काका रांगेत उभे राहणार आहेत, अब्बांनी सांगितलंय. निम्र म्हणाला, पोरा, मी त्यांना मोठा मान देतोय, यापेक्षा मोठी जागा अंगणात नाही. रांगेत परका माणूस उभा केला तर लोक काय म्हणतील, घरात पुरुष कमी पडले? रामेझ बापाच्या वयाच्या माणसापुढं गप्प झाला. एर्विन खुर्चीत ताठ बसून राहिला, बंदूक काढून घेतलेल्या शिपायासारखा.

नझीरा वर बायकांत बसली होती. झडपेतून तिला सगळं दिसत होतं. बाया कुराण ऐकत होत्या, आणि तिचं लक्ष त्या खुर्चीवर होतं. पुरुषांच्या अंगणात अशा दिवशी बाई उतरत नाही. ती उठली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि जिना उतरली.

ती थेट निम्रसमोर गेली. "अबू अदनान," ती त्याला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारून म्हणाली, "भावानं काल माझ्यासमोर शब्द दिला. रांगेतली जागा यांची. हा हाजी दीबचा शब्द आहे, ईदेच्या दिवसाचा. तुझे वडील त्या बैठकीत होते."

निम्र हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, मी मानच दिला ना त्यांना."

"मान वेगळा आणि जागा वेगळी. मान त्यांनी मागितला नव्हता."

पुढच्या ओळीतला एक अगदी म्हातारा जाळीवाला काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो म्हणाला, म्हणजे मागितलं एकदाचं? काय मागितलं म्हणालीस? शेजारच्यानं त्याच्या कानात सांगितलं. म्हातारा बराच वेळ मान हलवत राहिला. म्हणाला, आम्ही होडीवर पैज लावली होती.

निम्रनं एकदा आकाशाकडे बघितलं आणि मग एक पाऊल बाजूला सरकला. त्याची मुलंही सरकली. एर्विन उठला, कोटाची बटणं लावली आणि रामेझच्या शेजारी जाऊन उभा राहिला. नझीरा मागं न बघता वर गेली.

तीन दिवस माणसं येत राहिली. त्याच्यापुढं येऊन काही जण अडखळायचे, पण हात धरायचे. अल्ला तुम्हाला सबुरी देवो, उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. एर्विन आपल्या त्या लिलावातल्या अरबीत उत्तर द्यायचा आणि मोठेमोठे लोक ओठ दाबत पुढं जायचे. निम्रनंच दुसऱ्या दिवशी त्याला बरोबर उत्तर काय द्यायचं ते शिकवलं. उन्हं तापली की त्याच्यासाठी पाण्याची बाटलीही तोच पाठवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी नहारियाचा लुडविग आला. एर्विनच्या शेजारी राहणारा, संध्याकाळी त्याच्याशी बुद्धिबळ खेळणारा म्हातारा. त्याला आमच्याकडची रीत ठाऊक नव्हती, पुढचा करेल तसं करत तो सरकत होता. रामेझचा हात हातात घेतला, मान लववली, पुढं झाला आणि समोर एर्विनला बघून थबकला. तुम्ही इथं कसे उभे, असं काहीतरी त्यानं जर्मनमध्ये विचारलं आणि हात तसाच खाली राहिला. त्याच्या मागं गावातून आलेली सगळी माणसं थांबली.

एर्विननं आपला हात पुढं केला.

"हात द्या, लुडविग," तो म्हणाला, "आणि पुढं सरका. मागं लोक खोळंबलेत."

लुडविगनं हात दिला. दोन्ही हातांनी धरला, आणि काही केल्या सोडेना.